सॅन फ्रान्सिस्को बे एरियात लहान विमान चालवायला शिकणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहान विमान चालवतो हे येथील मराठी मंडळींपैकी कोणाला कळले, की पुढचा अर्धा तास कसा जाणार हे मला आता ठाऊक झाले आहे. खर्च किती येतो, व्हिसावर चालते का, घरचे घाबरत नाहीत का, आणि गोल्डन गेटवरून जाता येते का, हे प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात. त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. नियम अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाचे, म्हणजे एफएएचे आहेत. मते माझी आहेत. ज्यांना फार वेळ नाही त्यांनी धुक्याविषयीचा प्रश्न तेवढा तरी अवश्य वाचावा, कारण या भागात शिकणाऱ्याचे निम्मे शिक्षण धुकेच करते.

इतक्या गजबजलेल्या आकाशात नवशिक्याने शिकणे शहाणपणाचे आहे का?

सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि सॅन होजे हे तीन मोठे विमानतळ एकाच उपसागराच्या काठावर आहेत आणि पालो आल्टो, सॅन कार्लोस, हेवर्ड, रीड-हिलव्ह्यू यांसारखे लहान विमानतळ त्यांच्या मधल्या फटींत बसवलेले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीची नियंत्रित हद्द, जिला 'क्लास ब्राव्हो' म्हणतात, ती उलट्या रचलेल्या उतरंडीसारखी असते: जमिनीलगत अरुंद, वर जाऊ तशी रुंद, आणि तिचे तोंड १०,००० फुटांवर. आपण बहुतेक वेळा त्या उतरंडीच्या काठाखालून उडत असतो. परवानगीशिवाय तिच्यात शिरायचे नाही, म्हणजे कोणत्या गावावर कोणती उंची चालते हे पाठ असावे लागते.

हे ओझे पहिल्या दहा तासांत जाणवते हे खरे. परंतु दुसऱ्या बाजूने पाहिले, तर मोकळ्या मैदानी भागात शिकलेला वैमानिक पुढे शहराजवळ येताना ज्या रेडिओला बिचकतो, तो रेडिओ येथील शिकाऊ वैमानिकाच्या तिसऱ्या धड्यापासूनच कानात असतो. एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी: खुद्द सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर शिकाऊ वैमानिकाला एकट्याने उतरण्यास किंवा तेथून उडण्यास नियमानेच मनाई आहे.

कोणता विमानतळ निवडावा?

घराजवळचा. हे उत्तर अनेकांना फार साधे वाटते, पण आठवड्यातून दोनदा तासभर वाहतुकीत अडकणारा माणूस तिसऱ्या महिन्यात शिकणे सोडतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

घरापासून दोन-तीन विमानतळ सारख्याच अंतरावर असतील, तर धावपट्टीचा विचार करावा. पालो आल्टोची धावपट्टी सुमारे २,४०० फूट लांब आहे, म्हणजे मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. सॅन कार्लोसची सुमारे २,६०० फूट आहे. अशा आखूड पट्टीवर शिकणाऱ्याला उतरताना वेग सांभाळण्याची सवय लागते, कारण पाच नॉट (तासाला सुमारे नऊ किलोमीटर) जास्त वेग घेऊन आलेले विमान जमिनीवर टेकायलाच तयार होत नाही आणि पट्टी संपत जाते. लिव्हरमोर आणि हेवर्ड येथे पाच हजार फुटांहून अधिक जागा असल्यामुळे चूक पोटात घातली जाते. लिव्हरमोर डोंगरांच्या आत असल्याने तेथे धुके लवकर विरते. त्याची किंमत म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी तेथे ऊन तापते, हवा विरळ होते आणि आल्टामाँट खिंडीकडे धावणारा वारा विमानाला भरपूर हलवतो. त्या खिंडीत पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत.

पालो आल्टोहून शिकताना खुणांची जी भाषा कानावर पडते ती मला अजूनही आवडते. डम्बार्टन पुलाजवळचे केजीओ रेडिओचे मनोरे, सॅन कार्लोसकडे जाताना लागणारा रेडवुड सिटीचा सिमेंट कारखाना, आणि स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेचा दोन मैल लांबीचा, पट्टीने आखल्यासारखा सरळ कण-त्वरक: जमिनीवरून रेडिओने विमानांना सूचना देणाऱ्या नियंत्रकाला आपण कोठे आहोत हे सांगताना याच खुणांची नावे घ्यायची असतात. खाली मिठागरे पसरलेली असतात. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे त्यांतील काही तांबडी, काही विटकरी, काही हिरवट दिसतात. वसई-भाईंदरची मिठागरे लोकलच्या दारातून पाहत वाढलेल्या माणसाला ती वरून पाहताना क्षणभर रेडिओचा विसर पडतो, आणि प्रशिक्षक खाकरतो.

धुक्यामुळे धडे फार रद्द होतात का?

होतात, आणि उन्हाळ्यात सर्वांत जास्त होतात. भारतातून आलेल्या माणसाला हे उलटे वाटते, कारण आपल्या मनात धुके म्हणजे थंडीची पहाट किंवा पावसाळ्यातली आंबोली. आंबोलीला ओली हवा सह्याद्रीवर चढताना थंड होते आणि ढग घाटातच उतरतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कारण वेगळे आहे. उन्हाळ्यात वायव्येकडून किनाऱ्याला धरून वाहणारा वारा समुद्राचे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याच्या जागी खोलवरचे थंडगार पाणी वर येते. त्या पाण्यावरची ओली हवा थंड होऊन तिचा ढग बनतो. त्याच्या डोक्यावर उतरत्या उष्ण हवेचे झाकण बसलेले असल्यामुळे तो वर जाऊन विरू शकत नाही. आतल्या मध्य खोऱ्यात ऊन तापले, की तेथील हवा वर चढते आणि किनाऱ्यावरची ही थंड हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत खेचली जाते. एकाच दुपारी हाफ मून बे येथे स्वेटर घालावा लागतो आणि लिव्हरमोरला पंख्याखाली बसवत नाही, याचे कारण हेच.

शिकाऊ वैमानिकासाठी याचा अर्थ असा, की जून ते ऑगस्ट या काळात सकाळी सातचा धडा ठेवू नये. ढगांचा थर बहुधा दहा-अकरापर्यंत विरतो आणि संध्याकाळी परत येतो. मधली वेळ आपली. सप्टेंबर-ऑक्टोबर हे येथील सर्वांत स्वच्छ महिने आहेत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पावसाची वादळे येतात, पण दोन वादळांच्या मध्ये जी हवा मिळते तशी स्फटिकासारखी हवा एरवी मिळत नाही.

धुक्याचा ढग धोकादायक असतो तो त्याच्या शांतपणामुळे. एका ऑगस्टमध्ये मी एकटा हाफ मून बेला निघालो होतो. पालो आल्टोवर निळे आकाश होते, हवामान-नोंदीतही किनारा मोकळा दिसत होता. डोंगराच्या धारेवर पोहोचलो तेव्हा समुद्रावरचा पांढरा थर धावपट्टीच्या पश्चिम टोकापासून मैलभर असावा. तो हलत आहे असे वाटतही नव्हते. मी एक गिरकी घेऊन पुन्हा पाहिले तेव्हा पिलर पॉइंटवरच्या रडारचा गोल घुमट दिसेनासा झाला होता. मी उतरलो नाही, परत फिरलो. पंधरा मिनिटांनी त्या विमानतळाच्या स्वयंचलित हवामान-केंद्राने ढगाची उंची ३०० फूट सांगितली. उपकरणांच्या आधारे उडण्याचे शिक्षण नसलेला माणूस ढगात शिरला, की त्याच्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा त्याला खोटे सांगू लागते आणि वळणारे विमान त्याला सरळ वाटते. म्हणूनच एकट्याने उडणाऱ्या शिकाऊ वैमानिकाने जमीन सतत डोळ्यांसमोर ठेवलीच पाहिजे, असा नियम आहे. त्या दिवशी लॉगबुकमध्ये ०.९ तासांची नोंद झाली आणि उतरण्याच्या रकान्यात एकच उतरणे. माझ्या प्रशिक्षकाने त्या ओळीपुढे काही न बोलता एक लहानशी बरोबरची खूण केली.

परवाना मिळायला किती तास लागतात?

खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी सर्वसाधारण मार्गाने किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यात किमान २० तास प्रशिक्षकाबरोबर आणि किमान १० तास एकट्याने. प्रशिक्षकाबरोबरच्या तासांत तीन तास दूरच्या प्रवासाचे, तीन तास रात्रीचे आणि तीन तास केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचे असावे लागतात. एकट्याच्या तासांत पाच तास दूरचे उड्डाण आणि त्यात किमान १५० नॉटिकल मैलांची एक फेरी असते. येथून ती फेरी मुले बहुधा मध्य खोऱ्यात किंवा दक्षिणेकडे सॅलिनासच्या बाजूला आखतात.

चाळीस तासांत परवाना मिळवणारा मनुष्य मला प्रत्यक्षात भेटलेला नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने ६० ते ७५ तास धरून चालावे. हा आकडा बुद्धीपेक्षा सातत्यावर अवलंबून असतो. आठवड्यातून दोन धडे घेणाऱ्याचे हात मागचा धडा विसरत नाहीत. महिन्यातून दोन घेणारा प्रत्येक वेळी अर्धा तास मागचेच गिरवत बसतो, आणि त्या अर्ध्या तासाचे भाडे पूर्ण लागते.

एकूण खर्च किती?

दर बदलत राहतात, म्हणून मी हिशेबाची पद्धत सांगतो. विमानाचे भाडे इंजिन चालू असलेल्या तासांवर आकारले जाते आणि त्यात इंधन धरलेले असते. चार आसनी सेस्ना १७२ साठी तासाला २०० डॉलरच्या आसपास धरले, तर ६५ तासांचे १३,००० डॉलर होतात. प्रशिक्षकाचे तास उड्डाणाहून अधिक असतात, कारण उड्डाणाआधीची आणि नंतरची चर्चा त्यात मोजली जाते. ७५ तास आणि ९० डॉलर धरले तर ६,७५० डॉलर. वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, परीक्षकाचे शुल्क, हेडसेट, नकाशांचे अ‍ॅप आणि भाड्याच्या विमानाचा विमा यांसाठी दोन हजार तरी बाजूला ठेवावेत. बेरीज २२,००० डॉलरच्या घरात जाते.

निम्मीच रक्कम हाताशी असताना सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. पैसे संपल्यामुळे तिसाव्या तासाला थांबलेला माणूस वर्षाने परत येतो, तेव्हा तो विसाव्या तासावर गेलेला असतो. तसेच सर्व रक्कम आगाऊ भरल्यास मोठी सवलत देऊ करणाऱ्या शाळेपासून जरा जपून राहावे. शाळा बंद पडल्या, की असे पैसे सहसा बुडतात.

शाळा चांगली की फ्लाइंग क्लब?

क्लबमध्ये मासिक वर्गणी असते, विमाने निरनिराळी असतात आणि प्रशिक्षक बहुधा स्वतंत्रपणे काम करतात. शाळेत अभ्यासक्रम अधिक बांधीव असतो. फरक शेवटी प्रशिक्षकाचाच पडतो, आणि येथे एक अडचण आधीच सांगितलेली बरी. अमेरिकेत विमान कंपनीत वैमानिक होण्यासाठी बहुतेकांना १,५०० तास लागतात आणि ते जमवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे शिकवणे. त्यामुळे तरुण प्रशिक्षक तास भरले की निघून जातात. मी जेथे सुरुवात केली तेथे आठ महिन्यांत माझे तीन प्रशिक्षक बदलले, आणि प्रत्येक नव्याने मला विमान कसे थांबवायचे हे पुन्हा पहिल्यापासून शिकवले. नाव नोंदवताना 'तुम्ही येथे आणखी किती दिवस आहात?' हा प्रश्न सरळ विचारावा. त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

एच-१बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर शिकता येते का?

अमेरिकेचे नागरिक नसलेल्या प्रत्येकाला, ग्रीन कार्डधारकांनाही, प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी वाहतूक सुरक्षा प्रशासनाची, म्हणजे टीएसएची मंजुरी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन भरायचा, बोटांचे ठसे द्यायचे आणि वाट पाहायची. नागरिकांना केवळ पासपोर्ट किंवा जन्मदाखला दाखवून नागरिकत्व सिद्ध करावे लागते. ओळखीसाठीच्या पहिल्या सहल-उड्डाणाला ही मंजुरी लागत नाही, आणि नुसता जमिनीवरचा अभ्यासही तिच्याविना सुरू करता येतो.

नोकरीच्या व्हिसावर राहून फावल्या वेळात छंद म्हणून शिकणारे येथे पुष्कळ आहेत. पूर्ण वेळ अभ्यासक्रमासाठी मात्र विद्यार्थी-व्हिसा लागतो, आणि पर्यटक म्हणून येऊन परवान्याचे प्रशिक्षण घेता येत नाही. आपल्या विशिष्ट परिस्थितीविषयी शंका असेल, तर मित्राच्या अनुभवावर विसंबू नये. व्हिसाच्या वकिलाला अर्ध्या तासाचे शुल्क देणे स्वस्त पडते.

चष्मा, रक्तदाब, मधुमेह असल्यास?

चष्म्याने काही अडत नाही. चष्मा लावून नीट दिसले की झाले. खासगी परवान्यासाठी तृतीय श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते चाळिशीच्या आत ६० महिने आणि चाळिशीनंतर २४ महिने चालते. आटोक्यातला रक्तदाब आज फारसा आडवा येत नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना अधिक कागदपत्रे आणि अधिक धीर लागतो.

मोलाची सूचना ही, की ऑनलाइन अर्ज भरण्यापूर्वीच अधिकृत वैद्यकीय परीक्षकाशी सल्ल्यापुरती भेट ठरवावी आणि सर्व आजार, सर्व गोळ्या त्यांच्यापुढे मांडाव्यात. एकदा अर्ज नाकारला गेला, की पुढचे सोपे मार्गही बंद होतात. आणि काही लपवू नये; तो गुन्हा ठरतो. वैद्यकीय प्रमाणपत्र एकट्याने उडण्यापूर्वी लागत असले, तरी ते पहिल्याच महिन्यात घ्यावे, नाहीतर तीन हजार डॉलर खर्च झाल्यावर शरीराचा नकार कळतो.

रेडिओवरचे इंग्रजी कळेल का?

परवान्यासाठी इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता आणि समजता येणे आवश्यक आहे, आणि येथे नोकरी करणाऱ्याला त्याची चिंता नसावी. रेडिओची भाषा मात्र इंग्रजीपेक्षा रेल्वे स्थानकावरच्या उद्घोषणेच्या जवळची आहे: ठरलेले शब्द, ठरलेला क्रम, आणि सवय झाली की अर्धे वाक्य आधीच ऐकू येते. आपण कोणाला बोलावतो, आपण कोण, कोठे आहोत, काय हवे आहे, बस. सुरुवातीला नियंत्रकांच्या टॉवरचे थेट प्रक्षेपण भांडी घासताना कानावर पडू द्यावे.

मराठी जिभेची एक अडचण मी स्वतः भोगली आहे. इंग्रजी व्ही आणि डब्ल्यू ही दोन्ही अक्षरे आपल्या तोंडी 'व' होऊन जातात. टॅक्सीमार्गांना, म्हणजे विमानाला धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या जमिनीवरच्या रस्त्यांना, अक्षरांची नावे असतात, आणि त्यासाठीच 'व्हिक्टर' आणि 'व्हिस्की' असे पूर्ण शब्द वापरतात. घाईत अक्षर नुसते उच्चारू नये. नऊला 'नायनर' म्हणायचे, हे पहिल्यांदा म्हणताना हसू येते. नंतर दूधवाल्याच्या हिशेबातही तेच तोंडी येते.

एकट्याने पहिले उड्डाण कधी होते, आणि ते कसे असते?

वयाची १६ वर्षे पूर्ण झालेली असावीत, हातात शिकाऊ परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि प्रशिक्षकाची लेखी संमती असावी. तासांची अट नाही. बहुतेकांचे पंधरा ते तीस तासांच्या दरम्यान होते. प्रशिक्षक सहसा तारीख सांगत नाही. एखाद्या साध्या दिवशी दोन-तीन वेळा नीट उतरल्यावर तो इंजिन चालू असतानाच दार उघडतो आणि उतरतो.

पहिला धक्का त्याच्या वजनाचा असतो. ऐंशी किलो कमी झालेले विमान धावपट्टी लवकर सोडते आणि वर चढताना लिफ्टसारखे उचलले जाते, त्यामुळे वळण्याची नेहमीची जागा येण्याआधीच उंची गाठलेली असते. पालो आल्टोत उन्हाळ्यात वारा वायव्येचा असतो, विमाने ३१ क्रमांकाच्या पट्टीवरून उडतात आणि उजवीकडे, उपसागराच्या बाजूला वळतात. उजवीकडे वळताना मी सवयीने 'उजवीकडे मोकळे आहे ना?' असे मोठ्याने विचारले, आणि शेजारच्या रिकाम्या आसनावर फक्त पट्ट्याचे बक्कल होते. तीन वेळा उतरल्यावर जुन्या प्रथेप्रमाणे पाठीकडून शर्टाचा तुकडा कापतात, त्यावर तारीख लिहितात. आईला छायाचित्र पाठवले. तिचे उत्तर आले, 'शर्ट चांगला होता.'

परीक्षा कशा असतात?

लेखी परीक्षेत ६० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि ७० टक्के गुण लागतात. निकाल २४ महिने चालतो. शेवटी एफएएने नेमलेला परीक्षक आधी तोंडी परीक्षा घेतो आणि नंतर बरोबर उडतो. परवान्यासाठी वय १७ पूर्ण असावे लागते. परीक्षकाची तारीख मिळायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून तयारी पूर्ण होण्याची वाट न पाहता ती आधीच मागून ठेवावी. तोंडी परीक्षेत परीक्षक येथील धुक्याविषयी काही ना काही विचारणारच, हे गृहीत धरावे.

इंजिन बंद पडले तर? घरचे फार घाबरतात.

त्यांची भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत हौशी आणि खासगी उड्डाणांत दर लाख तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. प्रवासी कंपन्यांच्या सुरक्षिततेशी याची तुलनाच होत नाही. परंतु इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे पडत नाही. सेस्ना १७२ च्या आजच्या आवृत्तीत ६८ नॉटचा वेग धरला, की ते तरंगत उतरते आणि जागा शोधायला वेळ मिळतो. याचा सराव जवळजवळ प्रत्येक धड्यात होतो: प्रशिक्षक गप्पा मारता मारता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी कळ, मागे ओढतो आणि 'आता कोठे?' असे विचारतो.

बे एरियात या प्रश्नाचे उत्तर अवघड असते. खाली घरे, पाणी किंवा डोंगर. म्हणून उपसागर ओलांडताना किनारा गाठता येईल इतकी उंची ठेवावी, आणि जीवरक्षक जाकीट मागच्या आसनावर न टाकता अंगावर घालावे. किनाऱ्यावरची ओलसर, थंड हवा जुन्या विमानांच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरते, तेही बाहेर १५ अंश तापमान असताना. इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होऊ लागले तर गरम हवेची कळ आधी ओढायची आणि विचार नंतर करायचा. बाकी बरेचसे अपघात इंजिनाने न होता माणसाच्या निर्णयाने होतात: इंधन न मोजणे, ढगात शिरणे, वळताना वेग गमावणे. इंधनमापकावर विश्वास न ठेवता शिडीवर चढून टाकीत काठी बुडवून पाहणारा वैमानिक मला अधिक आवडतो.

गोल्डन गेट पुलावरून उडता येते का?

येते, आणि ते लहान विमानातून पाहण्यासारखे आहेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या नियंत्रित हद्दीत शिरायचे असल्यास 'क्लिअर्ड इन्टू द ब्राव्हो' हे शब्द स्पष्ट ऐकू आले पाहिजेत. नियंत्रकाने आपले नाव घेतले किंवा 'रडारवर दिसता' म्हटले, एवढ्याने सॅन होजेच्या हद्दीत चालते. येथे चालत नाही. पुलाचे मनोरे ७४६ फूट उंच आहेत, त्यामुळे उंचीचा हिशेब त्यांच्या टोकापासून करायचा. आल्काट्राझ, एंजल बेट, बंदरावरचे धक्के हे सर्व दहा मिनिटांत मागे पडते. बेसबॉलचा सामना चालू असताना मैदानाभोवती तीन नॉटिकल मैल आणि ३,००० फुटांपर्यंत बंदी असते, हे नवखे लोक विसरतात. निघण्यापूर्वी सामन्यांचे वेळापत्रक पाहावे.

याच पाण्यावर १८ जानेवारी १९११ रोजी युजीन इली याने 'पेनसिल्व्हेनिया' या युद्धनौकेवर विमान उतरवले. जहाजावर विमान उतरण्याची ती पहिलीच वेळ. विमान थांबवायला आडव्या दोरांना वाळूच्या गोण्या बांधल्या होत्या. आपल्या आखूड धावपट्टीची तक्रार करताना मला ते आठवते.

आई-वडील भारतातून येणार आहेत. सर्वांना एकदम नेता येईल का?

चार आसने म्हणजे चार माणसे नव्हेत. सेस्ना १७२ मध्ये टाक्या काठोकाठ भरल्या, की माणसे आणि सामान मिळून साधारण २४० किलोंची जागा उरते. म्हणजे तिघे जण आणि एक पिशवी. सर्वांचे खरे वजन विचारावे लागते, आणि सासूबाईंना ते विचारण्याची जबाबदारी जोडीदारावर सोपवावी. इंधन कमी भरून चौथा माणूस नेता येतो, पण मग किती दूर जायचे ते आधी ठरवावे.

प्रवासी न्यायचे असतील तर मागील ९० दिवसांत तीन वेळा उडून उतरलेले असावे लागते, आणि दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर उजळणी करावी लागते.

मित्रांकडून पैसे घेता येतात का?

भाडे, इंधन आणि विमानतळाचे शुल्क यांत टीटीएमएम चालते, पण वैमानिकाने स्वतःचा समान वाटा भरलाच पाहिजे. तिघे गेलात तर तुमचा तिसरा हिस्सा तुमचाच. त्याहून एक डॉलर जास्त घेतला तर तो व्यवसाय ठरतो आणि खासगी परवान्यावर तो करता येत नाही.

विमानतळाशेजारच्या लोकांची तक्रार असते, ती खरी आहे का?

बऱ्याच अंशी खरी आहे. लहान विमानांचे नेहमीचे इंधन शिसेयुक्त असते. रीड-हिलव्ह्यूच्या आसपासच्या मुलांच्या रक्तातील शिशाचा अभ्यास सँटा क्लारा काउंटीने करवून घेतला आणि जानेवारी २०२२ पासून तेथे शिसेयुक्त इंधनाची विक्री बंद केली. कॅलिफोर्नियाने कायदा करून २०३१ पासून राज्यभर तशी विक्री थांबवण्याचे ठरवले आहे. आवाजाविषयी प्रत्येक विमानतळाचे ठरलेले मार्ग असतात; ते पाळायला एखादे मिनिट जास्त लागते. शेजाऱ्यांनी आपल्याला निमंत्रण दिलेले नाही, एवढे ध्यानात ठेवले की ते मिनिट जड वाटत नाही.

हा परवाना भारतात चालतो का?

थेट चालत नाही. भारतात नोंदलेले विमान चालवायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा परवाना लागतो, आणि परदेशी परवाना बदलून घेताना तेथील परीक्षा द्याव्या लागतात. भारतात व्यावसायिक वैमानिक होण्याचा विचार असेल तर तेथील विषय आणि तेथील वैद्यकीय तपासणी आधी समजून घ्यावी, मग येथे पैसे खर्च करावेत. उलट दिशेने वाट सोपी आहे: भारतीय खासगी परवाना असेल, तर त्याच्या पडताळणीनंतर त्याच्या आधारावर एफएएचा मर्यादित परवाना मिळू शकतो.

जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ सालची, आणि जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ चा. समुद्रकाठच्या महानगरात लहान विमान शिकण्याची आपली परंपरा जुनी आहे. मुंबईची हवाई वाहतूक वाढल्यावर क्लबचे प्रशिक्षण धुळ्याला गेले. पालो आल्टोच्या धावपट्टीवर सॅन फ्रान्सिस्कोकडे उतरणारी मोठी विमाने डोक्यावरून जाताना पाहिली, की हे आणखी किती वर्षे टिकेल असा प्रश्न माझ्या मनात येतो.

पहिल्या धड्याला येताना काय आणावे?

सरकारी ओळखपत्र, काळा चष्मा, आणि पातळ तळव्यांचे बूट, कारण पायांखालचे पेडल जाणवले पाहिजेत. जॅकेट आणावे, मग गाडीत कितीही उकडत असो. ध्रुवीकृत (पोलराइज्ड) काचांचा चष्मा नको; विमानातील उपकरणांचे स्क्रीन त्यातून काळे दिसतात. आदल्या रात्री नीट झोपावे आणि रिकाम्या पोटी येऊ नये. पोहे किंवा उपमा चालेल, मिसळ नको. मळमळण्याची लाज वाटू देऊ नये, ती बहुतेकांना पहिल्या दोन-तीन वेळा होते. अशा वेळी आत न पाहता क्षितिजाकडे पाहावे, वरची हवेची झडप तोंडाकडे वळवावी, आणि प्रशिक्षकाला लगेच सांगावे. माझ्या शर्टाच्या खिशात अजूनही आलेपाकाच्या दोन वड्या असतात. एक माझी आणि एक शेजारी बसणाऱ्याची.